भिजलेली मराठी 'इंद्रजाल' कॉमिक्स कशी वाचवायची? (तातडीचं आहे)

डोंबिवलीचा_वेताळ | शनिवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी भिंतीतून झिरपत आमच्या माळ्यावर उतरलं. माळ्यावर बाबांची पत्र्याची पेटी, आणि पेटीत त्यांची इंद्रजाल कॉमिक्स. मराठी अंक, बहुतेक सत्तरच्या दशकातले. वेताळ आणि मँड्रेक या नायकांचे अंक जास्त, तळाशी बहादूरचे. काल रात्री पेटी खाली घेतली तेव्हा तळात बोटभर पाणी होतं.

आत्ताची स्थिती अशी. वरचे अंक कोरडे. मधल्यांचा खालचा कोपरा ओला. तळाचे सात-आठ चिंब, एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालीय. एका कोरड्या अंकाचं मुखपृष्ठ पेटीतून काढताना पिनेपासून वरपर्यंत फाटलं. दोन अंकांवर जुनी सेलोटेप आहे, ती बहुधा आमच्या आत्याची कर्तबगारी. बऱ्याच अंकांवर एका कधीच्या बंद झालेल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, तो ओल्या अंकांवर थोडा फुटलाय.

घरात सल्ल्यांचा पाऊस चालू आहे. आई म्हणते इस्त्री फिरव. मेहुणा म्हणतो गच्चीत उन्हात पसर. शेजारचे काका म्हणतात सरळ लॅमिनेशन करून टाक, पिढ्यान्‌पिढ्या टिकतील. मी फक्त वर्तमानपत्रं पसरून त्यावर अंक ठेवलेत. विकायचे अजिबात नाहीत. बाबा दर तासाने येऊन विचारतात, "बहादूर बरा आहे ना?"

विटेतले अंक सोडवू का? की आधी वाळू देऊ?

---

खळवाली | सकाळी १०.०५

वाळू देऊ नका. सगळ्यात आधी एवढंच वाचा आणि कामाला लागा.

चिंब भिजलेली वीट आहे तशी, न सोडवता, झिपलॉक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. कोपरे ओले झालेल्यांपैकी जेवढे आज दिवसभरात तुम्ही हाताळू शकाल तेवढेच बाहेर ठेवा, बाकीचे प्रत्येकी वेगळ्या पिशवीत घालून फ्रीजरमध्येच. कोरडे अंक दुसऱ्या खोलीत न्या.

कारण सांगते. आतली पानं न्यूजप्रिंटची, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाची आहेत, ती पाणी पितात आणि सोडतात, फार तर लहरी पडतात. धोका मुखपृष्ठाला. गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो ओला असतो तोवर मऊ, आणि दोन लेप एकमेकांवर दाबून वाळले की एकजीव होतात. मग वेताळ एका अंकावर आणि त्याचा घोडा दुसऱ्या अंकाच्या पाठीवर, अशी वाटणी होते. ती नंतर कोणालाही सोडवता येत नाही. शिवाय मुंबईच्या हवेत ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. फ्रीजर दोन्ही गोष्टी थांबवतो. तो दुरुस्त काही करत नाही, तुम्हाला सवड देतो.

वर्तमानपत्रं काढा. छापील शाई ओल्या कागदावर उतरते. टीपकागद मिळाला तर उत्तम, नाहीतर स्वयंपाकघरातला पांढरा पेपर टॉवेल.

इस्त्री नाही. ऊन नाही. लॅमिनेशनचं नावही काढू नका, त्यावर नंतर बोलते.

---

पुणेरी_रद्दी | सकाळी ११.२०

एवढं घाबरायचं कारण नाही. मी भिजलेले अंक हेअर ड्रायरने वाळवलेत, फाटलेल्या जागी फेव्हिकॉलचा पातळ हात दिलाय, आजही कपाटात उभे आहेत. आमच्या वडिलांनी तर 'चांदोबा' वर्षावर्षाचे बाइंड करून घेतले होते. बाइंडरने तीन बाजू कटिंग मारून चकाचक करून दिले. आता मजकुराच्या शेवटच्या अक्षरांना जरा कात्री लागलीय म्हणा.

---

डोंबिवलीचा_वेताळ | सकाळी ११.४५

ताई, वीट फ्रीजरमध्ये गेली. सुरमई बाहेर आली. आज आमच्याकडे दोन्ही वेळा मासे आहेत, त्यामुळे घरात तुमच्याविषयी बरं मत झालंय.

आता पुढे? आणि माझा फ्रीज आपोआप बर्फ वितळवणारा आहे, त्याने काही बिघडेल का?

---

खळवाली | दुपारी १.३०

बिघडणार नाही, उलट बरं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमधली हवा कोरडी असते. पिशवीचं तोंड उघडं ठेवलं तर बर्फ पाणी न होताच हळूहळू उडून जातो आणि पातळ अंक काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, आपणहून वाळतो. मोठ्या प्रयोगशाळांत हेच निर्वात यंत्रात करतात. पण विटेसाठी हा मार्ग नको, कारण तिथे मुखपृष्ठं सुटी करणं आधी हवं.

वीट सोडवायची पद्धत. पिशवीसकट बाहेर काढा, पूर्ण वितळू द्या. एका उथळ ट्रेमध्ये ठेवा. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या जमान्यातली पारदर्शक शीट स्टेशनरीच्या दुकानात अजून मिळते, ती बहुतेक पॉलिएस्टरची असते, ती आणा. वरच्या ओल्या मुखपृष्ठावर शीट ठेवून हाताने सपाट करा. ओला कागद शीटला धरून राहतो. मग एका कोपऱ्यापासून शीट मागे वळवत उचला, तिच्याबरोबर अख्खा अंक वर येतो. बोटांनी कागद चिमटीत धरून ओढायचा नाही, ओल्या न्यूजप्रिंटमध्ये दम नसतो. कुठे अडलं तर थांबा, फटीत डिस्टिल्ड पाण्याचे दोन थेंब सोडा, वाट बघा. (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालतं.)

अंक सुटा झाला की मुखपृष्ठाच्या आत-बाहेर बेकिंगचा सिलिकॉनवाला कागद, आणि आतल्या पानांत दर चार-पाच पानांनी टीपकागद. प्रत्येक पानात घालू नका, पाठ फुगते आणि पिनेवर ताण येतो. पहिल्या दिवशी टीपकागद दर तास-दोन तासांनी बदला. पंखा खोलीत फिरता ठेवा, अंकावर झोत नको. हाताला गार लागायचं थांबलं पण अजून किंचित दमट आहे, अशा वेळी दोन टीपकागदांत घालून वर काच आणि काचेवर जाड पुस्तकं. आठवडाभर तरी दाबाखाली राहू द्या. इस्त्रीने जे मिळेल असं आईंना वाटतं ते यातून मिळतं. गरम इस्त्रीने लेप मऊ होऊन चिकटतो आणि पाण्याचे डाग पक्के होतात.

उन्हाचं म्हणाल तर न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन हे द्रव्य तसंच असतं. उन्हात ते झपाट्याने पिवळं पडतं. एका दुपारचं ऊन म्हणजे कपाटातली कित्येक वर्षं.

कोपरे ओले झालेल्यांवर तपकिरी कडेची रेघ उमटेल. कागदातली मळकट, आम्लधर्मी द्रव्यं पाणी ढकलत नेतं आणि जिथे ओल संपते तिथे सोडून जातं. ती रेघ पुसायला जाऊ नका. पुसायची तर पूर्ण पान पिना काढून धुवावं लागतं, ते घरातलं काम नाही. रेघ राहू दे, वाचताना आड येत नाही.

पुणेरी, तुमच्या अंकांबद्दल वाईट बोलत नाही. पण फेव्हिकॉल किंवा कुठलाही पांढरा गोंद वाळला की पाण्याने परत सुटत नाही. पुढच्या माणसाला तो भाग कापूनच काढावा लागतो. आणि ड्रायरने वरचं पान वाळतं, आतलं ओलंच राहतं, मग सगळा अंक वाकतो.

---

एडिसनकर | रात्री ९.१५

न्यू जर्सीहून. जुनी कॉमिक्स जमवतो, त्यात इंद्रजालचा वेगळा कप्पा आहे.

आधी एक दिलासा. बहादूर हे पात्र आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणलं. इंद्रजाल सुरू झाली मार्च १९६४ मध्ये. म्हणजे तळाचे भिजलेले अंक १९७६ नंतरचे, आणि जुने कोरडे राहिलेले दिसतात. वरच्या अंकांचे क्रमांक बघून घ्या. गोविंद यांनी रंगवलेली सुरुवातीची मुखपृष्ठं असतील तर त्यांना हातसुद्धा लावू नका, फोटो काढून ठेवा.

दुसरं. इकडे सीजीसी नावाची संस्था आहे, २००० सालापासून कॉमिक्सना ०.५ ते १० असा दर्जा देऊन प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात घालते. सुटलेल्या रंगाच्या जागी रंग भरला, कडा कापल्या, तुकडा जोडून कोपरा नवा केला, की खोक्यावरचं लेबल जांभळं होतं आणि किंमत कोसळते. नुसतं दाबून सपाट करणं आणि कोरडी सफाई त्यात धरत नाहीत. त्यामुळे ताईंना विनंती, पिना काढायला सांगू नका. मूळ पिना असणं ही इथे मोठी गोष्ट आहे. दादांना आज विकायचं नसेल, पण उद्या कुणाला वाटलं तर?

---

खळवाली | रविवार, सकाळी ७.५०

एडिसनकर, तुमच्या बाजारात तुमचं बरोबर असेल. पण तिकडे कॉमिक्स कोरड्या तळघरात असतात. इथे ओली लोखंडी पीन आठवड्यात गंजते, गंज कागदात उतरतो, आणि लोखंडाच्या गंजाने आजूबाजूचा कागद करपल्यासारखा ठिसूळ होऊन पिनेच्या आकाराचं भोक पडतं. मग मधली पानं सुटी होतात. मूळ पीन राहिली, अंक गेला. मी पीन काढते, आणि काढलेली पीन छोट्या पाकिटात घालून अंकाबरोबर ठेवते. ज्याला मोल करायचं त्याने करावं. कोरड्या अंकांच्या पिना मात्र चकचकीत असतील तर हात लावू नका, यावर आपलं एकमत.

काढायची रीत: मधलं पान उघडा, पिनेचे दोन्ही पाय बोथट पातळ पट्टीने आधी सरळ उभे करा, मग मुखपृष्ठाच्या बाजूने अलगद उचला. नखाने उपसायची नाही. कोरडा झाल्यावर त्याच भोकांतून पांढऱ्या लिनन किंवा सुती दोऱ्याचे दोन टाके घाला, गाठ आतल्या बाजूला. नवीन भोक पाडायचं नाही.

आता फाटलेलं मुखपृष्ठ. हे कोरड्या अंकाचं आहे, त्यामुळे घाई नाही. आणि मला बोलायला आवडतं ते इथेच.

लागणार आहे जपानी टिश्यू आणि खळ, म्हणजे स्टार्च शिजवून केलेला गोंद. टिश्यू म्हणजे कोझो झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा कागद. चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम वजनाचा घ्या. कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतो. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढा आणि रेघेवर फाडा, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते. ती झालरच पकडते. पट्टी अर्ध्या सेंटीमीटरहून रुंद नको.

खळीसाठी मैदा शिजवू नका. मैद्यात ग्लुटेन असतं, ते पिवळं पडतं, कडक होतं आणि कसर-झुरळांना आमंत्रण देतं. आपल्याला हवा फक्त गव्हाचा स्टार्च, म्हणजे कुरडयांचा चीक. गहू भिजवून, वाटून, गाळून तळाशी जो पांढराशुभ्र थर बसतो तो. फक्त कुरडयांसाठी गहू आंबवतात, त्याचा आंबटपणा आपल्याला नको. म्हणून चीक चार-पाच पाण्यांनी धुवा, दर वेळी थर बसू द्या, वरचं पाणी ओता. मीठ, हिंग, पापडखार काही नाही. चीक वाळवून ठेवला तर वर्षभर पुरतो. एक भाग स्टार्च, पाच भाग डिस्टिल्ड पाणी, तासभर भिजवा, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं. दुधाळ रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवा. गार झाली की बारीक चाळणीतून दोनदा घासून काढा.

जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. कीड लागत नाही हे खरं. पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं कागदाच्या तंतूंची झीज वेगाने वाढवतं. तुमच्या ओळखीच्या बाइंडरने प्रेमाने वाटीभर खळ दिली तर आधी रंग बघा. निळसर असेल तर पतंगाला वापरा.

फाटलेल्या कडेला एका बाजूला पांढरा कागद उघडा दिसेल, दुसऱ्या बाजूला छपाईची ओठासारखी कड. छपाईची कड वर येईल असं जुळवा. उलट जुळवलं तर वेताळाच्या चेहऱ्यावर पांढरी रेघ कायमची. खळ टिश्यूला लावा, अंकाला नाही. लावल्यावर पट्टी क्षणभर टीपकागदावर टेकवा, जास्तीचं पाणी जाऊ द्या. नाहीतर दुरुस्तीभोवतीच डागाची रेघ उमटते. पट्टी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूने. वर सिलिकॉन कागद, टीपकागद, काच, वजन. रात्रभर. इंच-दीड इंचाचे तुकडे करत पुढे सरका, एका दमात पूर्ण फाट जोडायला जाऊ नका.

आणि जमलं नाही तर? ओला कापूस पट्टीवर पाच मिनिटं ठेवा, सुटून येईल. हीच खळीची खुबी. म्हणून लॅमिनेशनला मी नाही म्हणते. झेरॉक्सच्या दुकानातलं प्लॅस्टिक एकदा उष्णतेने कागदात शिरलं की परत निघत नाही, आणि आतला आम्लधर्मी कागद त्या पाकिटात शांतपणे कुजत राहतो. आपल्या अभिलेखागारांत एके काळी कागदपत्रांना अॅसिटोनने सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म चिकटवायची पद्धत होती. चांगल्या हेतूने केलं होतं. ती उतरवण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला.

---

डोंबिवलीचा_वेताळ | रविवार, दुपारी १२.१०

गहू भिजत घातले. आईला वाटलं कुरडया करायच्या आहेत, ती फार खूष झाली, तिला खरं कारण सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

वीट सोडवली. पारदर्शक शीटची युक्ती बघून मेहुणासुद्धा गप्प. एका जोडीत मात्र दोन मुखपृष्ठं हातभर पाणी घातलं तरी हलत नाहीत. सेलोटेप आणि शिक्क्याबद्दल पण सांगा ना.

---

खळवाली | रविवार, दुपारी ३.००

जी जोडी हलत नाही ती परत फ्रीजरमध्ये. हट्ट करू नका.

आत्याबाईंची सेलोटेप: तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असेल तर प्लॅस्टिकची पट्टी आपणच सुटून येते आणि खाली तपकिरी, कडक डाग राहतो. तो चिकट पदार्थ कागदात मुरून पक्का झालेला असतो. तो काढायला जी द्रावणं लागतात ती छपाईची शाईही काढतात. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल, काही नको. पट्टी सुटली असेल तर उचला, डाग राहू द्या, फाट टिश्यूने जोडा. पट्टी अजून घट्ट असेल तर ड्रायर लांबून, कोमट. (पुणेरी, तुमचा ड्रायर इथे कामाला येतो.) आणि पट्टी वर न उचलता स्वतःवरच मागे दुमडत, कागदाला जवळजवळ समांतर ओढा.

शिक्का: त्या शाईला पाणी आणि स्पिरिट दोन्ही चालत नाही, पसरते. पूर्ण वाळेपर्यंत शिक्क्याच्या पानावर कोरडा टीपकागद वेगळा ठेवा म्हणजे समोरच्या पानावर उमटणार नाही. घालवायचा प्रयत्न करू नका. एडिसनकर नाक मुरडतील, पण मला शिक्क्याचा अंक बिनशिक्क्याच्या अंकापेक्षा जास्त आवडतो. किती हातांतून गेला ते कळतं.

---

एडिसनकर | रविवार, रात्री ८.३०

नाक मुरडत नाही. माझ्याकडेही दोन शिक्क्यांचे आहेत, एकावर "अंक परत न केल्यास दंड" असंही आहे.

वाळल्यावर कशात ठेवायचे? मी मायलरची पाकिटं पाठवू शकतो.

---

खळवाली | सोमवार, सकाळी ८.१०

मायलर, म्हणजे पॉलिएस्टर, चांगलंच. पॉलिप्रॉपिलिनची पाकिटंही चालतात. वास येणारं, मऊ, पीव्हीसीचं कव्हर नको. ते आम्ल सोडतं आणि शाई ओढून घेतं. आपल्याकडे पाकीट पूर्ण बंद करू नका, एक बाजू उघडी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आतली ओल आतच फिरते. मागे आम्लविरहित पुठ्ठा. डांबरगोळ्या पाकिटात नकोत. कसर लागलेली दिसली तर अंक पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कागदावर पाणी धरेल.

न हलणाऱ्या जोडीसाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे. खाजगी वस्तू घेतात का ते आधी फोन करून विचारा. खर्च अंकाच्या बाजारभावापेक्षा जास्त येऊ शकतो, तेही आधीच विचारा. नेताना फ्रीजरमधून काढून थर्मासच्या डब्यात बर्फाबरोबर न्या, लोकलमध्ये वितळू देऊ नका.

---

डोंबिवलीचा_वेताळ | सोमवार, रात्री १०.२०

जोडीतला वरचा अंक बहादूरचाच निघाला. बाबांना सांगितलं की तो आयसीयूत आहे. त्यांनी विचारलं भेटीची वेळ काय.